सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद का जाळले?

गरिबी म्हटलं की आपण आधी खिसा चाचपतो. आज मी तुम्हाला १२ मे १८७५ च्या सुप्यात नेतो. पुणे जिल्ह्यातलं हे बाजाराचं गाव. शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि मागितलं काय, तर वह्या आणि कर्जखतं! हाती लागली तशी ती जाळून टाकली.

का? अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचे भाव पडले, वर सरकारने शेतसारा वाढवला. हा झाला पैशाचा भाग. खरी मेख कागदात होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीनच वर्षं चालायचं. हेतू हा की व्याज साचू नये. पण सावकार मुदत संपली की थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत करून घ्यायचा. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. आणि अडून बसला तर पेरणीला उधार कोण देणार? तो मुकाट निशाणी करायचा.

माझ्या मते गरिबी ती हीच. आपल्या नावावर काय लिहिलंय ते कळत नाही, आणि कळलं तरी नकार देता येत नाही.

पुढे १८७९ च्या कायद्याने कर्जापायी होणारी कैद बंद केली, दस्त गावच्या निबंधकासमोर करायला लावले.

मी कोड लिहितो. 'अटी मान्य' हे बटण बनवायला पाच मिनिटं लागतात. घरात कुणी कर्जाच्या अ‍ॅपवर ते दाबणार असेल, तर आधी त्या अटी त्यांना मराठीत समजावून सांगा.