डोळ्यात घालायच्या थेंबाची कुळकथा

महाड-पोलादपूरकडे भात कापून खळ्यावर आलं की झोडणीला जोर येतो. पेंढी आपटली की तूस उडतं आणि एखादं कुसळ नेमकं बुबुळावर जातं. माणूस डोळा चोळतो, ओरखडा उठतो, त्यात जंतू शिरतात. दोन-तीन दिवसांत पांढरा ठिपका दिसू लागतो. जखम भरली तरी मागे फूल राहतं आणि नजर कायमची अधू होते.

डोळ्यात औषध घालायचं कसं, याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त त्याची रीतच घालून दिली आहे. रुग्णाला वारा नसलेल्या जागी ठेवावं, डाव्या हाताने डोळा उघडावा, शिंपल्यातलं औषध कापसाच्या वातीने, दोन अंगुळांवरून, नाकाकडच्या कोपऱ्यात सोडावं, दहा-बारा थेंब. मग मऊ कापडाने डोळा टिपून घ्यावा. औषधाइतकंच महत्त्व इथे हाताला दिलेलं आहे.

1881 साली जर्मनीत लाइपझिगच्या कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांसाठी सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाची पद्धत प्रसिद्ध केली. काचेच्या कांडीवरून एकच थेंब. त्यांच्या प्रसूतिगृहात दहातल्या एका बाळाला होणारा डोळ्यांचा आजार जवळजवळ नाहीसा झाला. 1930 मध्ये शेफील्डला सेसिल पेन यांनी पेनिसिलिनच्या कच्च्या अर्काने बाळांचे डोळे बरे केले, पण ते कुठे छापलं नाही. 1947 मध्ये व्हेनेझुएलाच्या मातीतल्या जंतूपासून क्लोरॅम्फेनिकॉल मिळालं, पुढे सिप्रोफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आली. कांडीची जागा ड्रॉपरने घेतली आणि ड्रॉपरची दाबायच्या बाटलीने.

औषधं अशी जोमदार होत गेली, पण डोळ्याची घडण तीच राहिली. डोळ्यात जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतं. बाटलीतून पडणारा थेंब बहुधा 40 ते 50 चा असतो. उरलेलं गालावर ओघळतं, नाहीतर नाकातून घशात उतरतं. थेंब घातल्यावर घसा कडू लागतो तो यामुळेच. राहिलेलं औषध अश्रू काही मिनिटांत धुऊन नेतात. बुबुळातून आत जातं ते शंभरात पाच भागसुद्धा नाही. म्हणून तर बुबुळावर जखम चिघळली की डॉक्टर तासातासाला, रात्रीसुद्धा, थेंब घालायला सांगतात. दिवसभर राबून आलेल्या घरात हे पाळणं किती कठीण, हे चिठ्ठीवर दिसत नाही.

म्हणूनच मला वाटतं, थेंब घालायची रीत औषधाबरोबरच शिकवायला हवी. खालची पापणी हलकेच ओढायची, बाटलीचं तोंड पापणीला लागू द्यायचं नाही, एकच थेंब सोडायचा. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन-तीन मिनिटं बोटाने दाबून धरायचा. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची.

औषध डोळ्यात टिकवायचे प्रयत्नही चालू आहेत. 2007 मध्ये अमेरिकेत डोळे येण्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिनचा चिकट थेंब मंजूर झाला; पहिले दोन दिवस दोनदा आणि पुढे दिवसातून एकदाच घातला की पुरतो. आपल्या भातखाचरांना जवळचं उदाहरण मात्र नेपाळमधल्या भक्तपूरचं आहे. तिथे गावातल्याच आरोग्यसेवकांनी बुबुळावर ओरखडा उठलेल्यांच्या डोळ्यात क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम तीन दिवस, दिवसातून तीनदा घातलं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, इजा झाल्यापासून 18 तासांच्या आत जे आले त्यांच्यापैकी एकाचीही जखम चिघळली नाही. मलम थेंबासारखं लगेच वाहून जात नाही. झोडणीच्या दिवसांत पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत आशाताईंच्या पेटीत ते असायला हवं. आणि स्टेरॉइड मिसळलेले थेंब दुकानातून परस्पर आणून अशा डोळ्यात कुणी घालू नयेत, हेही त्यांनीच घरोघर सांगावं.