वनस्पतिसमूह व पूर्वीचा भूमिवापर (सातारा-सांगली)

एखाद्या जागी कोणत्या वनस्पती एकत्र वाढतात, हे पाऊस, माती व उंची यांवर जसे ठरते, तसेच त्या जागेवर आधी कोणाची कुऱ्हाड, कोणाचा नांगर आणि कोणाची गुरे फिरली यावरही ठरते. सातारा व सांगली हे जिल्हे या दृष्टीने उदाहरणादाखल घेण्याजोगे आहेत. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमी.हून जास्त पाऊस पडतो. माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो ५०० मिमी.च्या आसपास असतो. मात्र एकाच पावसाच्या पट्ट्यात शेजारी शेजारी वेगवेगळा झाडोरा दिसतो, तो का, याचे उत्तर पर्जन्यमापकात मिळत नाही.

घाटमाथ्यावर पूर्वी कुमरी शेती चाले. रान तोडून जाळायचे, दोन-तीन वर्षे नाचणी-वरी घ्यायची आणि जमीन पडीक टाकून पुढे सरकायचे. रोपांसाठी राब भाजायला झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जात. त्याची खूण आजही सापडते. जांभूळ, अंजनी, पिसा यांच्या रानात एकाच बुडातून पाच-सहा खोडे वर आलेली दिसली, तर ते झाड तोडीनंतर पुन्हा फुटलेले असण्याचा संभव मोठा. वाटसरूला ते ‘आदिम जंगल’ वाटते. बूड पाहणाऱ्याला वाटत नाही.

चांदोलीत हा इतिहास अधिक ताजा आहे. वारणा धरण व त्यानंतरचे अभयारण्य (१९८५) यांमुळे येथील गावे उठली. २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. झोळंबीसारख्या गावांच्या जागी घरांची जोती, देवळे, रायवळ आंबे व फणस उरले. भातखाचरांत प्रथम गवत आले. गवे व सांबर तेथे चरतात, म्हणून काही खाचरे अजून मोकळी आहेत. इतरत्र करवंद, घाणेरी, रानमोडी शिरतात आणि त्यांच्या आडोशाने जांभळाची रोपे धरतात. या क्रमाला अनुक्रमण म्हणतात. ते पाठ्यपुस्तकाप्रमाणे सरळ मात्र चालत नाही: खाचरात साठलेला गाळ, उतारावरची धुपून गेलेली माती आणि वणव्याची वारंवारता यांनुसार कुठे चटकन, कुठे अजिबात नाही. कोयना खोऱ्यात तर पूर्वीच्या व आताच्या झाडीची तुलनाच अपुरी पडते, कारण खोऱ्याचा तळ व तेथील नदीकाठची झाडी शिवसागर जलाशयाखाली गेली आहे.

सडे म्हणजे जांभ्या कातळाची पठारे. येथे मुळातच माती बोटभर असते, म्हणून झाडे कमी आणि पावसाळी फुले जास्त. गेंद, सीतेची आसवे, कवला, तेरडा, सोनकी ही त्यांतली ठळक. कास पठार (उंची सु. १,२०० मी.) २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आले. गर्दी आवरण्यासाठी कुंपण घातले गेले आणि आसपासच्या गावांची गुरे बाहेर राहिली. पुढे उंच गवत माजून बुटकी फुले झाकोळतात, अशी तक्रार ग्रामस्थ व काही अभ्यासक करू लागले. कुंपण काढण्यात आले. चराई म्हणजे नेहमीच नासाडी, हा समज येथे तपासून घ्यावा लागतो. सड्यावरची कित्येक फुले गुरांच्या सोबतीनेच टिकली असावीत. चाळकेवाडीच्या पठारावर प्रश्न निराळा आहे: पवनचक्क्यांसाठी रस्ते आणि जोती बांधताना कातळ फोडला गेला, त्याने पाणी साचण्याच्या जागा बदलतात. वायतुरा ही साताऱ्याच्या पठारांवरील, १९८२ मध्ये वर्णिलेली वनस्पती अशाच उथळ, पावसाळी डबक्यांत वाढते. तिच्या फुलोऱ्याचा आकार इंग्रजी ‘वाय’सारखा, म्हणून हे नाव पडले.

पूर्वेकडची माळराने सरकारी कागदांत बऱ्याचदा ‘पडीक’ म्हणून लिहिली जातात. प्रत्यक्षात पवना, मारवेल, कुसळी या गवतांवर धनगरांची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या चरली. वनीकरणाच्या नावाने या माळांवर सुबाभूळ, गिरिपुष्प लावले गेले आणि वेडी बाभूळ आपसूक पसरली. याच्या उलट सागरेश्वर (सांगली). उजाड झालेल्या डोंगरावर चराई थांबवून, झाडे लावून व वन्यप्राणी आणून हे अभयारण्य उभे केले गेले. क्षेत्रफळ १०·८७ चौ. किमी. ते यशस्वी ठरले हे खरे. पण त्याचे अनुकरण सरसकट सर्व माळांवर करणे चूक ठरेल. माळ म्हणजे रान होता होता राहिलेली जागा नव्हे.

कृष्णाकाठी बदल सर्वांत वेगाने झाला. पाटाचे व उपशाचे पाणी, बारमाही ऊस, काळी भारी जमीन आणि अपुरा निचरा यांतून वाळवा, पलूस, मिरज भागात क्षारपड जमिनी तयार झाल्या. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, ऊस खुरटतो, मग पीक सोडले जाते. अशा रानात लव्हाळा, पाणकणीस व वेडी बाभूळ येतात. निचऱ्याचे चर काढल्याशिवाय तेथे जुनी पिके परत येत नाहीत.