आल्फोन्सिना स्ट्राडा
आल्फोन्सिना स्ट्राडा, पूर्वाश्रमीच्या मोरिनी (१६ मार्च, १८९१:कास्तेलफ्रांको एमिलिया, इटली – १३ सप्टेंबर, १९५९:मिलान, इटली) या इटालियन सायकलपटू होत्या. पुरुषांच्या जिरो दितालिया शर्यतीत भाग घेतलेल्या त्या एकमेव महिला होत.

शेतमजूर कुटुंबात जन्मलेल्या स्ट्राडा यांनी १९१७ व १९१८ साली जिरो दी लोंबार्दिया ही शर्यत पुरुषांसोबत पूर्ण केली. १९२४ च्या जिरोवर मोठ्या संघांनी मानधनाच्या वादातून बहिष्कार टाकल्यावर त्यांना प्रवेश मिळाला. लाक्विला–पेरुजा टप्प्यात वेळमर्यादा उलटल्याने त्या क्रमवारीतून बाद झाल्या. मात्र आयोजकांनी त्यांना पुढे जाऊ दिले. ९० पैकी ३० स्पर्धकांनीच शर्यत पूर्ण केली. क्रमवारीबाहेरच्या स्ट्राडाही मिलानपर्यंत पोहोचल्या. पुढील वर्षी त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. महिलांची जिरो शर्यत १९८८ मध्ये सुरू झाली.