रोसिनान्तेच्या पाठीवरचे घर

१९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक ह्यांनी आपला देश नव्याने पाहावयाचे ठरविले, आणि त्यासाठी त्यांनी एका वाहनाची मागणी नोंदविली. पाऊण टनाच्या वर्गातला पिकअप ट्रक हवा आणि त्याच्या पाठीवर होडीतील खोलीसारखे लहानसे घर हवे, अशी ती मागणी होती. जीएमसी बनावटीचा, पेट्रोलवर चालणारा ट्रक त्यांना मिळाला. डॉन किहोटेच्या घोड्यावरून त्याचे नाव त्यांनी ‘रोसिनान्ते’ असे ठेविले. श्रोतेहो, ह्या मागणीतील ‘पाऊण टन’ हे दोन शब्द फार विचारपूर्वक योजलेले होते. त्यांचे मोल कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

मोटारीतून हिंडणाऱ्या आणि वाटेत मुक्काम ठोकणाऱ्या हौशी लोकांची ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना १९१९ साली फ्लॉरिडातील टॅम्पा येथे स्थापन झाली. १९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मालाचा हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. तिचे एंजिन अवघे २० अश्वशक्तीचे होते. १९३६ साली वॉली बायम ह्यांनी ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ हे चौघांच्या निजण्याची सोय असलेले, अॅल्युमिनियमचे ओढघर बाजारात आणले. पुढे १९५६ च्या कायद्याने देशभर प्रशस्त हमरस्त्यांचे जाळे विणण्यास आरंभ झाला, आणि शेतकऱ्याच्या मालगाडीची नि प्रवाशाच्या घराची कायमची गाठ पडली.

घर न्यावयाचे दोन मार्ग होते : पाठीवर वाहणे किंवा मागे ओढणे. डोंगरी रस्त्यांवर ओढघर आवरणे कठीण जाते, आणि ते उभे करण्यास जागाही सहज मिळत नाही, म्हणून स्टाइनबेक ह्यांनी पहिला मार्ग पत्करला. परंतु ओढणाऱ्याचीही वाहण्यातून सुटका होत नाही. ओढघराच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडावाटे ट्रकच्या मागच्या आसावर येतो. तो कमी पडला तर ओढघर वेगात झोके खाऊ लागते. अधिक झाला तर ट्रकचा पुढचा भाग हलका होऊन सुकाणू सैल पडते. आपल्याकडील गाडीवानाला हे शास्त्र ठाऊक होते. मागे ओझे जास्त झाले की गाडी ‘उलाळ’ होते, पुढे झाले की ‘धुरजड’, असे तो म्हणे.

असे असूनही ग्राहकाची नजर दीर्घकाळ एंजिनावरच खिळून राहिली. किती पौंड ओढता येतील, हा आकडा प्रत्येक कारखानदार आपापल्या रीतीने ठरवीत असे. २००८ साली मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने त्यासाठी समान कसोटी प्रसिद्ध केली. अॅरिझोनातील डेव्हिस धरणाजवळची सुमारे अकरा मैलांची चढण हा तिचा एक भाग होय. ती प्रथम टोयोटाने स्वीकारली. इतर मोठ्या कंपन्यांना बरीच वर्षे लागली.

पेट्रोल की डिझेल, हा प्रश्नही वजनाशीच येऊन ठेपतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल एंजिनाची शक्ती दर हजार फूट उंचीला सुमारे तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे कोलोरॅडोतील अकरा हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्याशी पोहोचेतो तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा सरलेला असतो. टर्बो डिझेलला ही उंची फारशी जाणवत नाही. परंतु डिझेल एंजिन महाग असते आणि जडही असते. त्याच सांगाड्यावर ते बसविले की सामानाला उरणारी मुभा कमी होते. म्हणूनच अवजड ट्रकांतून पेट्रोल हद्दपार झाले नाही. २०२० च्या मॉडेलसाठी फोर्डने ७.३ लिटरचे नवे पेट्रोल एंजिन आणले, ते ह्याच वर्गासाठी.

आता रोसिनान्तेकडे वळू. ट्रक नेमका निवडला होता. पण स्टाइनबेक ह्यांनी त्यात हत्यारे, शिधा आणि सुमारे दीडशे पौंड पुस्तके भरली. ओरेगॉनमध्ये पावसाळी रविवारी मागचे टायर फुटले, आणि ट्रकवर भार अधिक झाला होता, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. एका भल्या पेट्रोलपंपवाल्याच्या खटपटीने टायर मिळाले म्हणून निभावले. हाच भार घाटाच्या उतरणीवर ब्रेकांच्या गळ्याशी आला असता तर गोष्ट टायरावर भागली नसती.

आजच्या अमेरिकन पिकअपमध्ये चालकाच्या दाराच्या चौकटीवर, माणसे आणि सामान मिळून किती भार चालेल, हे छापलेले असते. जाहिरातीतील मोठ्या आकड्यापेक्षा हा छोटा आकडा अधिक प्रामाणिक आहे. ४० गॅलन पाणी भरले की सव्वातीनशे पौंडांहून अधिक खर्ची पडतात. मग माणसे, अंथरुणे आणि जोडावरचा भार. म्हणून जाणता प्रवासी घर आधी भरतो, ते वजनकाट्यावर नेतो, आणि मगच ट्रकच्या दुकानाची पायरी चढतो. घोडा निवडण्यापूर्वी खोगिराचे वजन करावे, एवढेच रोसिनान्तेचे सांगणे आहे.