एक नट, दोन सेन्सॉर : बांदो त्सुमासाबुरोचे चित्रपट कसे आणि कुठे पाहावेत

जपानी सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन नावं लगेच पुढे येतात. दिग्दर्शक कुरोसावा आणि नट तोशिरो मिफुने. त्यात गैर काही नाही, मीही मिफुनेचं बोट धरूनच या प्रांतात शिरलो. पण मिफुनेचा 1958 चा एक चित्रपट असा आहे, की तेवढाच पाहून थांबलात तर अर्धीच गोष्ट हाती लागते. नाव 'मुहोमात्सु नो इश्शो', म्हणजे मुहोमात्सुचं आयुष्य. दिग्दर्शक इनागाकी हिरोशी. व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षीचा 'गोल्डन लायन' याच चित्रपटाला मिळाला. आता गंमत बघा. याच दिग्दर्शकाने हाच चित्रपट, जवळपास त्याच पटकथेवरून, 1943 मध्ये एकदा केलेला होता. तोही गाजला होता. मग पंधरा वर्षांनी पुन्हा तोच का केला?

या प्रश्नाचा माग काढत गेलात की 1943 च्या चित्रपटातल्या नटापाशी पोचता. तो म्हणजे बांदो त्सुमासाबुरो. जपानी प्रेक्षक त्याला लाडाने 'बान्त्सुमा' म्हणायचे. (जपानी नावात आडनाव आधी येतं, हे शोधताना लक्षात ठेवा. इंग्रजी सूचीत ते उलटं लावलेलं असतं आणि विद्यार्थ्यांचा निम्मा वेळ त्यातच जातो.)

बान्त्सुमाचा जन्म 1901 चा, टोकियोतला. मूकपटांच्या काळात तो तलवारबाजीच्या चित्रपटांचा मोठा तारा झाला. त्याच्या आधीच्या पडद्यावरच्या लढाया काबुकी रंगभूमीच्या वळणाच्या असत : संथ, ठरावीक पवित्र्यांच्या. बान्त्सुमाने त्यात वेग आणला, घाम आणला, आणि मुख्य म्हणजे हरणारा नायक आणला. 1925 मध्ये, वयाच्या चोविशीत, त्याने स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि पुढच्या वर्षी क्योतोजवळ उझुमासाला स्टुडिओ उभारला. आज उझुमासा म्हणजे जपानी ऐतिहासिक चित्रपटांचं माहेरघर, त्याची सुरुवात इथली.

त्याचा पहिला चित्रपट पाहायचा तर 'ओरोची' (1925) पाहा. हेइझाबुरो नावाचा एक सामुराई. मनाने सरळ, पण प्रत्येक वेळी लोक त्याचा उलटा अर्थ लावतात. गुरूच्या घरातून हकालपट्टी, मग तुरुंग, मग गुन्हेगारांची संगत. शेवटी चहूबाजूंनी घेरणाऱ्या शिपायांशी जी लढाई होते ती संपतच नाही, आणि त्यात तो जिंकतही नाही. या चित्रपटाचं मूळ नाव 'बुराइकान' होतं, म्हणजे बेबंद गुंड. सेन्सॉरने ते नामंजूर केलं, म्हणून 'ओरोची', म्हणजे महासर्प. कायदा राबवणारे वाईट आणि ज्याला गुंड म्हणतात तो भला, ही मांडणीच सरकारी डोळ्यांना खुपणारी होती. सेन्सॉर आणि बान्त्सुमा यांची गाठ ही अशी सुरुवातीपासूनची आहे.

बोलपट आल्यावर मात्र तो अडचणीत आला. एवढा रुबाबदार माणूस आणि आवाज पातळ, वरच्या पट्टीतला! 1935 मध्ये त्याने पहिला बोलपट केला, पण बोलत्या पडद्यावर पाय रोवायला त्याला काही वर्षं लागली. तो मधला काळ मी इथे सोडून देतो.

आता 1943. 'मुहोमात्सु'ची गोष्ट क्यूशू बेटावरच्या कोकुरा गावात घडते. मात्सुगोरो हा रिक्षा ओढणारा, अडाणी, भांडखोर, दिलदार. (आपला 'रिक्षा' हा शब्द जपानी 'जिनरिकिशा'वरून आलाय, म्हणजे माणसाच्या बळावर चालणारं वाहन. माथेरानला ते पाहिलं असेल.) एका लष्करी कप्तानाशी त्याची ओळख होते, कप्तान आजारपणात जातो, आणि मात्सुगोरो त्याच्या विधवेला आणि लहान मुलाला आयुष्यभर आधार देत राहतो. मनात त्या बाईंबद्दल काय आहे हे तो कुणाला कळू देत नाही. शेवटी मात्र एकदा त्याच्या तोंडून ते निघतं. आपलं मन मळलेलं आहे असं म्हणून तो निघून जातो, आणि पुन्हा त्या घराची पायरी चढत नाही.

1943 च्या चित्रपटात हा प्रसंग शोधायला जाल तर सापडणार नाही. गृहमंत्रालयाच्या सेन्सॉरने तो काढायला लावला. युद्ध चालू होतं, सैनिकांच्या विधवा घरोघरी होत्या. अशा वेळी रिक्षावाल्याने लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीवर जीव लावावा, हे त्यांना सोसणारं नव्हतं. एकूण दहा मिनिटांहून जास्त भाग गेला. मग 1945 मध्ये जपान शरण आलं, अमेरिकी लष्कराचा अंमल सुरू झाला, नवे सेन्सॉर आले. त्यांनी याच चित्रपटातून आणखी सुमारे आठ मिनिटं कापली. या वेळी कारण उलटं : युद्धातल्या विजयाची कंदील मिरवणूक आणि तसले प्रसंग म्हणजे लष्करशाहीचं कौतुक. एकाला चित्रपटात लष्कराचा अपमान दिसला, दुसऱ्याला लष्कराचा गौरव. चित्रपट एकच.

म्हणून संशोधनाच्या तयारीला लागलेल्यांना हाच चित्रपट आधी पाहा असं मी सुचवतो. आज मिळणारी प्रत सुमारे 80 मिनिटांची आहे. ती 'युद्धकाळातल्या जपानी मानसिकतेचं दर्शन' म्हणून वाचलीत तर गडबड होईल, कारण तुमच्यासमोर आहे ते 1943 चं जपान आणि 1945 नंतरचा अमेरिकी अंमल या दोघांनी मिळून जे शिल्लक ठेवलं ते. मात्सुगोरो शेवटाकडे एकदम दारूत का बुडतो, हे या प्रतीत नीट उमगत नाही. ती बान्त्सुमाच्या अभिनयातली उणीव समजू नका, तिथे कात्री लागली आहे. नटाच्या अभिनयावर लिहिताना हातात कुठली प्रत आहे हे आधी लिहा, मग बाकीचं.

1958 चा चित्रपट इथे कामाला येतो. त्यात मिफुने आणि ताकामिने हिदेको यांच्यात तो कबुलीचा प्रसंग आहे. इनागाकीने पुन्हा घाट घातला तो ही कापाकापी मनात सलत होती म्हणूनच. पण सावध राहा. मिफुनेने केलं तसंच बान्त्सुमाने केलं असणार, असं म्हणता येत नाही. नट वेगळा, काळ वेगळा, रंगीत रुंद पडदा वेगळा. त्यापेक्षा भक्कम साधन म्हणजे इतामी मान्साकुची मूळ पटकथा. ती त्याच्या समग्र वाङ्मयात छापलेली आहे. जपानी येत असेल तर पटकथा एका हाताला आणि चित्रपट दुसऱ्या हाताला ठेवून प्रसंगांचा तक्ता करा. दोन दिवसांचं काम आहे, पण त्यातून एक चांगला निबंध उभा राहतो. अमेरिकी अंमलातल्या सेन्सॉरबद्दल इंग्रजीत वाचायचं तर हिरानो क्योको यांचं 1992 चं पुस्तक आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला मागवायला सांगा.

दोन माणसांबद्दल सांगायलाच हवं. छायालेखक मियागावा काझुओ, ज्याने पुढे कुरोसावाचा 'राशोमोन' चित्रित केला. मात्सुगोरोच्या शेवटच्या क्षणी आठवणींची चित्रं एकमेकांवर चढत जातात, ती त्याने कॅमेऱ्यातच, फिल्म पुन्हापुन्हा मागे नेऊन घेतली. मध्येमध्ये फिरणारं रिक्षाचं चाक लक्ष देऊन पाहा. आणि कप्तानाच्या पत्नीचं काम करणारी सोनोई केइको. ती एका फिरत्या नाट्यपथकाबरोबर 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमात होती. त्या दिवशी वाचली, पण किरणोत्सर्गाच्या आजाराने 21 ऑगस्टला कोबेमध्ये गेली. हे कळल्यावर तिचे प्रसंग पुन्हा पाहिले आणि त्या दिवशी दुसरं काही काम झालं नाही.

युद्धानंतर अमेरिकी अंमलाने तलवारबाजीच्या चित्रपटांवर करडी नजर ठेवली, कारण सूड आणि स्वामिनिष्ठा हे विषय नकोत. बान्त्सुमाची तर रोजीरोटीच तलवारीवर! त्याने तलवार खाली ठेवली आणि 1948 च्या 'ओशो'मध्ये शोगीचा (जपानी बुद्धिबळ म्हणा) वेडा खेळाडू साकारला. पुढच्या वर्षी किनोशिता केइसुकेच्या 'याबुरे दाइको'मध्ये घरावर हुकूम गाजवणारा, आणि हळूहळू एकटा पडणारा बाप. मला हा दुसरा जास्त आवडतो. पराभूत देशातला एक बाप आपलं घरातलं राज्य गमावतोय, आणि ते विनोदाने दाखवलंय. 1953 मध्ये, 51 व्या वर्षी बान्त्सुमा गेला.

आता कुठे पाहायचं ते. 'ओरोची' यूट्यूबवर आणि इंटरनेट आर्काइव्हवर सापडतो, पण बऱ्याच प्रती धूसर असतात. शक्य असेल तर बेन्शीचं निवेदन असलेली डीव्हीडी मिळवा. बेन्शी म्हणजे मूकपट चालू असताना पडद्याशेजारी उभं राहून सगळी पात्रं बोलणारा निवेदक. त्याच्याशिवाय जपानी मूकपट पाहणं म्हणजे कीर्तनकाराशिवाय कीर्तन. 1943 च्या 'मुहोमात्सु'चं 4के पुनरुज्जीवन 2020 मध्ये झालं, त्यात कादोकावा कंपनी आणि मार्टिन स्कॉर्सेसींची 'द फिल्म फाउंडेशन' सहभागी होत्या. चित्र लख्ख झालंय, पण सेन्सॉरने काढलेला तो कबुलीचा प्रसंग त्यातही नाही. इंग्रजीत हा चित्रपट 'द रिक्षा मॅन' किंवा 'द लाइफ ऑफ मात्सु द अनटेम्ड' अशा नावांनी येतो. दोन्ही नावांनी शोधा आणि वर्ष तपासा, नाहीतर मिफुनेचाच हाती येईल. विकिपीडियावरून जपानी लिपीतलं नाव उचलून शोधलंत तर निकाल कितीतरी जास्त येतात. जपान फाउंडेशनचे ऑनलाइन आणि शहरांतले महोत्सव असतात, त्यांच्या यादीवर लक्ष ठेवा. पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं ग्रंथालय गाठा.

क्रम विचाराल तर आधी 1958 चा मिफुने, मग लगेच 1943 चा बान्त्सुमा, मग 'ओरोची'. आणि सगळं पाहून झाल्यावर ओशिमा नागिसाचा 1978 चा 'एम्पायर ऑफ पॅशन' लावा. त्यातला खून होणारा रिक्षावाला जो नट करतो, तो तामुरा ताकाहिरो. बान्त्सुमाचा थोरला मुलगा.