पक्ष्यांचें उड्डाण आणि मनुष्याची यंत्रें

हातांना पंख बांधून उंचावरून उडी घेणाऱ्या कित्येकांनीं प्राण गमावले. मनुष्याच्या छातीचे स्नायु ह्या कामीं दुर्बळ आहेत, असें इटलीच्या बोरेलीनें सतराव्या शतकांतच दाखविलें होतें. तरी प्रयत्न थांबले नाहींत. १८७० नंतरच्या दशकांत फ्रान्सच्या पेनोनें पिळलेल्या रबराच्या जोरावर पंख हालविणारें खेळणें उडविलें. २०११ सालीं जर्मनीच्या फेस्टो कंपनीनें कुरव पक्ष्याच्या नमुन्यावर सुमारें ४५० ग्रॅम वजनाचें उडतें यंत्र सिद्ध केलें. मर्म एकच. पंख वरखालीं होतांना पिळलाही गेला पाहिजे; त्यायोगें हवा मागें लोटली जाऊन पक्षी पुढें सरतो. हिवाळ्यांत आमच्या वेळणेश्वरच्या पुळणीवर कुरव उडतात. त्यांच्या पंखांचीं टोंकें न्याहाळावीं, म्हणजे हें कोडें उलगडेल.