लोणारचे मीठ आले कोठून?

सांगलीहून निघालो, साताऱ्याला दोन शिक्षक मित्र गाडीत बसले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला थांबलो. साताऱ्याच्या डोंगरात दिसतो तोच काळा बेसॉल्ट इथेही होता. पठारावर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि तळाशी हिरवट पाणी. काठावरच्या धारेचे पाणी गोड, तळ्यातले मात्र खारट. असे का?

लवणासुराचा वध इथे झाला, असे पुराणकथा सांगते. ‘ऐने अकबरी’ने काच आणि साबण करण्यास उपयोगी पडणाऱ्या इथल्या पदार्थांची नोंद केली. १८२३ मध्ये ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर याने विवराकडे लक्ष वेधले. खडक ज्वालामुखीचा, तेव्हा विवरही ज्वालामुखीचेच, असा समज दीर्घकाळ टिकला. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी त्याचे ॲरिझोनातील विवराशी असलेले साम्य अचूक टिपले, पण ॲरिझोनाचे विवर वाफेच्या स्फोटाने झाले असा निष्कर्ष काढला! १९७३ मध्ये लोणारच्या खडकांत मास्केलिनाइट सापडल्याचे प्रसिद्ध झाले. ही काच प्रचंड आघाताखेरीज तयार होत नाही. अशनीपाताचा पुरावा मिळाला.

मग मीठही अशनीने आणले का? नाही. अशनीने फक्त भांडे घडवले. पाणी खडकांतून झिरपताना थोडे क्षार विरघळवून आणते. तळ्यातून बाहेर वाहून जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडते, क्षार मागे राहतात. सोडियमच्या कार्बोनेटांमुळे या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो.

काठावरचा पांढरा थर पाहून आमचा वाळव्याचा मित्र म्हणाला, “आमच्या मळीच्या रानातही असंच फुटतं.” त्याचे बरोबर होते. कृष्णाकाठी उसाला भरमसाट पाणी दिले आणि निचरा झाला नाही, तर भूजल वर येते, पाणी उडून जाते आणि क्षार जमिनीवर साठतात. लोणारला यासाठी हजारो वर्षे मिळाली. क्षारपड व्हायला रानाला काही दशकेही पुरतात.

वर्गात दोन कुंड्यांत सारखी माती भरा. एकीच्या तळाला भोक ठेवा, दुसरीच्या नको. दोन्हींना किंचित खारे पाणी सारखेच, पण सढळ हाताने घाला आणि उन्हात ठेवा. पांढरा थर कुठे जास्त धरतो, ते मुलांनाच पाहू द्या. मग त्यांना विचारा: आपल्या रानातल्या पाण्याला बाहेर पडायची वाट आहे का?